कपाळावरचा बाण

...आणि वर मलाच विचारतात, "मास्तर, कपाळावर हा बाण कसला हो?" आता काय सांगू? उजव्या भुवईच्या वर, टोक खाली डोळ्याकडे, आणि इतका ठसठशीत की समोरचा माणूस माझ्याशी बोलायच्या आधी बाण कुठे जातो ते बघून घेतो. अकरा दिवस, तुम्हाला सांगतो, अकरा दिवस मी हा मिरवतोय, आणि तो पुसायचा की ठेवायचा हे मला आज सकाळपर्यंत हॉस्पिटलातल्या एका माणसाने सांगितलं असेल तर शपथ. ज्यांनी सांगायचं ते काय म्हणाले? "आम्ही कळवू."

पहिल्यापासून सांगतो. मी शिंपी. दुकान छोटं, मशीन एक, कामाचा डोळाही एकच, कारण डावा लहानपणीच गेला, उजव्यावर सगळा जन्म काढला, तर त्या उजव्यातच मोतीबिंदू. सुई ओवता येईना, तेव्हा आमची ही रोज सकाळी वीस सुया ओवून उशीला टोचून ठेवायची आणि मी गिऱ्हाइकासमोर ऐटीत एकेक उपसायचो. चाललं होतं हो. पण मागच्या महिन्यात शाळेतल्या बाईंच्या कोटाला मी दोन बाह्या कापल्या, दोन्ही डाव्या. बाई चांगल्या, हसल्या, दुसरं कापड आणून देते म्हणाल्या... पण मला भीती वाटली. शिंप्याला दिसत नाही हे एकदा गल्लीत कळलं की कापड कोण टाकणार? हा डोळा गेला तर मी काय करायचं, नुसती बटणं लावायची? बटणालाही भोकं चार असतात.

म्हणून सरकारी हॉस्पिटल. सकाळी सातला उपाशीपोटी हजर. अंगावर तो मागून बांधायचा गाऊन, त्याला बंद हवेत तीन, होता दीड, आणि शिवण अशी की माझा जीव तुटला, म्हटलं आधी सुईदोरा द्या, मग ऑपरेशन करा. सिस्टर आल्या, "काका, हलू नका," आणि कुठल्या डोळ्याचं ऑपरेशन ते कळावं म्हणून काढला बाण. "पुसू नका हं. काही झालं तरी पुसू नका." मग थेंब. दर पंधरा मिनिटांनी थेंब, त्याने बाहुली मोठी होते म्हणे, म्हणजे जे थोडंफार दिसत होतं तेही गेलं, आणि मी बाकावर. नऊ वाजले, अकरा वाजले, एक वाजला, पोटात कावळे ओरडून ओरडून दमले. चार वाजता फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणतात, "पाय वर घ्या... अहो, तुम्ही अजून बसलात? ऑपरेशनं केव्हाच रद्द झाली, लेन्स आली नाही." खिडकीवर गेलो, तिथले साहेब मान वर न करता, "मशीन बंद आहे." जिन्यात शिकाऊ डॉक्टर भेटले, "सर रजेवर आहेत ना." एक डोळा आणि तीन कारणं! पुन्हा खिडकीवर. म्हटलं, मग आता कधी? "आम्ही कळवू." आणि या बाणाचं काय, हे विचारेपर्यंत खिडकी बंद.

घरी आलो तर ही म्हणते, "अहो, तोंड धुवा आता." म्हटलं, पुसू नका म्हणाल्यात. "ते ऑपरेशनपुरतं होतं." ऑपरेशन रद्द झालंय, बाण रद्द झाल्याचं कोणी बोललेलं नाही. आता तुम्ही म्हणाल, काय हटवादी माणूस आहे. पण मी कापडावर खडूने खूण करतो ना, ती कापेपर्यंत पुसायची नसते, कोणी पुसली तर मी घर डोक्यावर घेतो. मग माझ्याच कपाळावरची कशी पुसू? कपाळ सोडून तोंड धुवायला लागलो. तरी चौथ्या दिवशी बाण फिका पडला, तेव्हा हिनेच, पुटपुटत का होईना, गिऱ्हाइकाच्या कपड्यावर नाव घालायचं माझं काळं पेन घेतलं, ते धुण्यात न जाणारं, आणि गिरवला. "हलू नका," म्हणाली, अगदी त्या सिस्टरसारखी. आणि फोन? फोन उशाशी, फोन मशीनवर, फोन न्हाणीच्या कट्ट्यावर. वाजला की हातातलं काम टाकून धावायचो, आणि पलीकडे मेहुणा, "काय दाजी, लागला का बाण?" कळवू म्हणाले होते ना, म्हणून प्रत्येक फोन उचलायचा.

शेवटी आज सकाळी हिने मला धरून नेलं. खिडकीतल्या साहेबांनी रजिस्टर उघडलं. "तुम्हाला फोन केला होता. मंगळवारी बोलावलं होतं. तुम्ही येतो म्हणालात, आणि आलातही." मी आलो? "हजर, अशी नोंद आहे." म्हटलं, नंबर वाचा बघू. वाचला. शेवटचा आकडा सात, माझा आहे एक. आणि फॉर्म कोणी भरला होता? मीच. मुंगीएवढ्या रकान्यांचा, मोतीबिंदूचा फॉर्म, मोतीबिंदूवाल्याने स्वतःच्या हाताने भरायचा, त्यात माझ्या इंग्रजी एकाला वर लांबलचक शेपूट फुटलं. तो सातवाला निघाला रंगारी, हे सिस्टरांकडून कळलं. त्याला वाटलं, हॉस्पिटल रंगवायचंय. बिचारा मंगळवारी सातला शिडी घेऊन आला, उपाशी या म्हणाले म्हणून उपाशी आला, मुकाट बाकावर बसला, आणि सिस्टर थेंब घालायला वाकल्या तेव्हा कुठे उलगडा झाला. तोवर माझी पाळी गेली. त्याला काय सांगितलं असेल, ओळखा. "काम निघालं की आम्ही कळवू."

सिस्टरनी माझा बाण बघितला. "अहो काका, हा त्याच दिवशी पुसायचा होता." स्पिरिटने घासला, जाईना. "राहू दे," म्हणाल्या, "पुढच्या वेळी माझं एक काम वाचेल." मला राग यायला हवा होता, आला नाही. दोन वॉर्ड एकट्या सांभाळत होत्या, सकाळचा चहा तसाच थंड होऊन पडला होता. हिने नवा फॉर्म भरला, नंबर साहेबांना दोनदा वाचून दाखवला. तारीख विचारली, तर तेच.

दुकानात आलो तर दारात शाळेतल्या बाई उभ्या, हातात नवं कापड. "मास्तर, कोट कधी मिळेल?" मी कापड हातात घेतलं, बोटांनी चाचपलं, छान होतं. डोळ्यासमोर धरलं, तर नुसतं धुकं. कापायचा धीर होईना, आणि नाही म्हणायचाही होईना. मग वही पुढे केली. म्हटलं, "बाई, तुमचा नंबर लिहा, जरा मोठ्या आकड्यांत लिहा... आम्ही कळवू."