सात पास, एक नापास आणि माझी मांडणी

...आणि वर बघून हसायचं नाही, आधीच सांगून ठेवते! जेवायला बसलात ना, मग ताटात बघा. जो येतो तो मान वर करून विचारतो, "काकू, गर्डरला हे वाकडे खिळे कसले?" अरे, खिळे नाहीत ते, लोखंडाला चिकटवलेले आट्यांचे दांडे, स्टड आहेत स्टड! वेल्डिंग तपासायचं शिकताय ना तुम्ही? झारे टांगलेत म्हणून आकडे समजलात होय? आकडे असते तर माझी काही तक्रार नव्हती. मांडणी लागणार होती तिथे. मांडणी!

तुम्हाला सांगते, इतकी वर्षं माणसांना जेवू घालतेय मी, आणि ही एवढाली पातेली कुठे, तर जमिनीवर. वाका, उचला, ठेवा, परत वाका. आमच्या ह्यांची मागच्या अंगणात फॅब्रिकेशनची शेड, जगाला जिने करून देतात, गेटं करून देतात, आणि घरात बायकोला एक मांडणी नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! बोलून बोलून माझी जीभ झिजली, यांचं आपलं एकच, "करू की गं."

मग शेडमध्ये ती बंदूक आली. स्टड चिकटवायची बंदूक हो, तुम्ही शिकलात ना. अहो, नवी सून आली तरी एवढं कौतुक नसतं! जेवताना बंदूक, झोपताना बंदूक. "अगं, टोकात स्टड धरायचा, लोखंडावर टेकवायचा, घोडा दाबायचा, फट्! चिकटला! डोळा मिटायच्या आत. तुझी मांडणी? गर्डरला आठ स्टड मारतो, नट पिळतो, हत्ती बसव वर." हत्ती कशाला बसवू? पण मी म्हटलं, मुहूर्त लागतोय तर लागू दे.

आणि नेमकी तेव्हाच आमची लेक, तुमच्याच वर्गातली, मला काय सांगता, तुमच्याहून दोन बाकं पुढे बसते, ती घरात येरझाऱ्या घालत धडा पाठ करत होती. धडा कुठला? याच वेल्डिंगच्या मर्यादा! म्हणजे बापाच्या हातात बंदूक आणि लेकीच्या तोंडात बंदुकीची गाऱ्हाणी. एका घरात!

बापानं पहिला बार काढला तो माझ्या पिठाच्या डब्यावर. नमुना दाखवायला. आरपार भोक! लेक तिथून बोट वर करून, "बाबा, पत्रा पातळ असला की चालत नाही. ही एक मर्यादा." डब्याच्या भोकाला मी बोळा घातला. मग शेडमधनं मनगटाएवढी केबल खिडकीतून स्वयंपाकघरात आली, का, तर घरातल्या विजेवर ही बया चालत नाही. "ही पण मर्यादाच, आई." गर्डरवर तेलकट रंग आणि माझ्या फोडण्यांचा धूर, थरावर थर. हे म्हणतात, "बंदूक जाळून टाकते सगळं." लेक म्हणते, "नाही जाळत, लोखंड लख्ख पाहिजे." घासलं शेवटी, तोंड वाकडं करून. त्या चिनी मातीच्या बांगड्या असतात ना, स्टडभोवती बसवायच्या, त्या यांनी ठेवल्या कुठे? माझ्या उकळत्या पातेल्याच्या शेजारी, वाफेवर! "बाबा, ओल्या झाल्या तर जोडात पोकळी राहते..." गेल्या परत शेडमध्ये, कोरड्या आणल्या. त्यात काम डोक्यावरचं, वितळलेलं लोखंड खाली ओघळायला बघतं, आणि बंदूक धरायची एकदम सरळ. सात झाले. आठवा कोपऱ्यात, भिंतीला लागून. तिथे बंदूक शिरेचना. हे शिडीवर, मान एकीकडे, कोपर दुसरीकडे, दात ओठ खात... फट्! "झालं!" म्हणाले. म्हणाले हो, पण आवाज जरा बारीक होता.

मांडणी शेडमध्ये करून तयारच होती; म्हटलं, आणा आता ती, आणि मी पातेलं उचललं. लेक आडवी आली. "आई, ठोकून तपासल्याशिवाय खाली उभी राहायचं नाहीस."

झालं! ह्यांचा चेहरा... "तीस वर्षं लोखंडात हात काळे केले, त्या हातावर संशय? माझ्या घरात? माझ्या पोरीचा?" लेक म्हणते, "हातावर नाही बाबा. स्टडच्या बुडाशी वितळल्या लोखंडाचं कडं वरून छान दिसतं, पण आत जोड धरलाय की नाही, ते डोळ्याला कळत नाही." हे म्हणतात, "मला कळतं." ती म्हणते, "कुणालाच कळत नाही." आणि दोघांचं बोलणं बंद! एका ताटाच्या अंतरावर बसून, "तुझ्या लेकीला मीठ हवंय का विचार." "आई, बाबांना सांग, मीठ आहे." मी काय टपालखातं उघडलंय? रोज तेच. शेडमध्ये चहा घेऊन जायची ती जाईना, आणि हे चहा आला नाही म्हणून शेडच्या दारात उगाच येऊन उभे. मांडणी राहिली बाजूला, मला तर घर दुभंगायची भीती.

शेवटी मीच पदर खोचला. म्हटलं, कोण खरं आणि कोण खोटं ते मला सांगू नका. दिवसभर त्याखाली डोकं कुणाचं? माझं! बाजारातनं मडकं आणताना वाजवून घेते मी, मग हे तर डोक्यावर टांगायचं. काढा हातोडा!

लेकीनं आधी माझा पावडरचा आरसा घेतला, प्रत्येक स्टडची मागची बाजू बघितली, मग शिडीवर चढून दणका. पहिला वाकला. तुटला नाही. "पास," म्हणाली. हे भिंतीकडे तोंड करून उभे होते, ते कानानं वळले. दुसरा. पास. तिसऱ्याला वळून बघायलाच लागले. चौथ्याला शिडी धरली. पाचव्याला म्हणतात, "असा काय फुलासारखा मारतेस? जोर लाव!" सहाव्याला लेक हसली, सातव्याला हे टाळ्या पिटतायत! मी आपली बघतेय, बोलले एकमेकांशी एकदाचे.

मग कोपरा. लेकीनं आरसा धरला. मागच्या बाजूला कडं नव्हतंच. तिनं हातोडा नुसता टेकवला म्हणा, टण्णकन् खाली! कुठे? ओट्यासमोर, बरोबर माझ्या उभं राहायच्या जागी. डोकं कुणाचं? माझं असतं!

यांनी तो उचलला, बूड बघितलं, अर्धं चकचकीत, अर्धं काळं. मग म्हणाले, "बंदूक सरळ बसतच नव्हती. मला तेव्हाच कळलं होतं." लेक शिडीवरून उतरली. "बाबा, कोपऱ्यात जागाच नाही, कुणाचीच बसली नसती." झालं, मीठ आपापलं मागायला लागले. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

डोळे पुसून म्हटलं, छान. आता लावा मांडणी.

यांनी मांडणी उचलली, भोकं स्टडला लावायला गेले... आणि थांबले. एक स्टड खिडकीकडे, एक दाराकडे, एक देवाकडे. वाकलेल्या स्टडमध्ये मांडणी शिरते कशी? नट चढतो कसा? बापानं लेकीकडं बघितलं, लेकीनं बापाकडं.

"मुलाखतीला आल्यासारखी बघू नकोस, बोल," मी म्हटलं.

"आई... नट लावायचे असले की हातोडा नसतो मारायचा. पान्यानं पिळून तपासायचं. ते... पुढच्या पानावर होतं."

पुढच्या पानावर! आणि हे? तीस वर्षं लोखंडात? "तुम्हाला दिसत नव्हतं वाकतायत ते?"

"दिसत होतं की. पण सगळे पास होत होते गं..."

म्हटलं, सरळ करा परत. दोघं एका सुरात, "छे छे, उलटं वाकवलं तर जोड दुखावतो!" मग कापून नवे लावा. "करू की गं." दोघंही तेच म्हणतात आता, बाप आणि लेक. संध्याकाळी दोघं शेडमध्ये, भंगाराच्या तुकड्यावर फट् फट् स्टड मारायचे, ठोकून तोडायचे आणि लहान पोरांसारखं हसायचं. चहा मीच नेऊन देते.

मांडणी ती तिथे, भिंतीला टेकून. पातेली ही इथे, जमिनीवर. डोकं माझं शाबूत आहे, त्याबद्दल म्हणणं नाही. कंबरही माझीच, तिचं कुणी विचारत नाही. आता तुम्हीच सांगा, तुम्ही शिकताय ना... इतकी वर्षं ठोके खाल्ले, वाकले, पण तुटले नाही. तुमच्या पुस्तकाच्या हिशेबानं मी पासच की! काय रे, बघताय काय नुसते? ताट पुढे करा... थांबा, वाकते.