निम्म्या रोपांचा बाप

परतूरच्या स्टँडवर जान्हवी जालन्याच्या गाडीची वाट पाहत होती. मागच्या बाकावर एक शेतकरी शेजारी बसलेल्या मावशीला सांगत होता.

“संशोधनवाल्या पोरीनं माझ्या चारशे सागांची पानं नेली, बियांची रोपं केली, समद्यांचा डीएनए तपासला. म्हणली, निम्म्या रोपांचा बाप एकच हाये, पण तुमच्या रानात न्हाई.”

“झाडाला कुठला बाप?”

“मधमाशी त्याच्या फुलातला पराग आणती, मावशे.”

“मंग घावला का?”

“नाल्यापलीकडं, आमच्या धाकट्या भावाच्या बांधावर. पान धाडलं, बराबर जुळलं.”

“न बघता वळखलं! हुशार गं बाई पोरगी.”

“अन् धाकटा तेच झाड तोडून राह्यल्ता.”

“मंग?”

“गेलो त्याच्या दारात. बारा वर्षांनी.”

जालन्याची गाडी लागली. जान्हवी पुढचं ऐकायला बसूनच राहिली.

“काय म्हणला?” मावशीनं विचारलं.

“त्यानं करवतवाल्याला चहा पाजून वापस धाडलं.”