मासीमांचा प्रश्न

हसू नका, पण माझ्या सगळ्यात जास्त खपलेल्या भयकादंबरीतली ती वरच्या मजल्यावरची म्हातारी खरी आहे. कोलकात्यात, बालीगंजला आमच्या डोक्यावरच घरमालकीण मासीमा एकट्या राहतात. दुपारभर त्यांच्या काठीचा आवाज यायचा. तो मी उचलला आणि म्हातारीचं भूत करून टाकलं. म्हटलं, पुस्तक मराठी, त्या बंगाली, त्यांना कुठे कळणार?

पण भाडेकरू लेखक असल्याचा मासीमांना भारी अभिमान. नवऱ्याच्या बदलीमुळे इथे आलेल्या शेजारच्या लेले वहिनींना गाठून त्यांनी अख्खी कादंबरी हिंदीतून ऐकली आणि मला वर बोलावलं. मी गेलो, तर लेले वहिनी माझ्याकडे बघेनात.

"छान लिहिलंयस," मासीमा म्हणाल्या. "काठी तर अगदी माझीच."

"मासीमा, मला माफ करा."

"ते राहू दे. मला एकच कळलं नाही. खालच्या लोकांना रोज तो आवाज ऐकू येतो. मग वर जाऊन तिला बघून यावं, असं एकालाही का वाटत नाही?"

"घाबरतात ते," मी कसंबसं म्हणालो.

"म्हातारीला?"

मासीमा काठी टेकत उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातून त्यांनी विचारलं, "चहात साखर किती घेतोस?"

इतकी वर्षं एकाच घरात वर-खाली राहून त्यांना ते विचारावं लागलं.