दाढेतला करंट

बिनसलं ते एका चमच्यामुळे. आदल्याच दिवशी धंतोलीतल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या दाढेत चांदी भरली होती. यंत्र नुसतं पाहूनच मी किंचाळले, तरी त्या रागावल्या नाहीत. कॉलेजच्या गप्पा काढत त्यांनी काम कधी उरकलं, मला कळलंसुद्धा नाही.

सकाळी पोहे खाताना स्टीलचा चमचा त्या दाढेला लागला आणि असा झटका बसला की बशीच हातातून सुटली!

कुहीहून आलेली मावशी धावत आली. "काय झालं वं?"

"मावशी, दाढेत करंट आहे!"

"मंग ठेवते कशाले? चाल कुहीले. आमच्या इथचा बुवा पकडीनं झटकन उपटते."

मावशी बोलली की करतेच. ती पिशवी भरायला लागली, तशी मी खालच्या कापडदुकानात पळाले आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. घंटी वाजतेय, वाजतेय, कोणी उचलेना. तोवर मावशी पिशवी घेऊन पाठीशी हजर.

"चाल वं, बस सुटून राहिली!"

तेवढ्यात फोन उचलला गेला. माझ्या तोंडून कसंबसं "हॅलो" निघालं.

"कोण, कुमुद? चमचा लागला ना दाढेला?" डॉक्टरीणबाई हसत होत्या. "दाढ उत्तम आहे, कोणाला हात लावू देऊ नकोस. नवी चांदी काही दिवस झटके देते, तोवर हातानं खा. काल मुद्दामच सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर तू खुर्चीत टिकली असतीस का?"