धावपट्टी विहिरीपाशी थांबली

मी : आई, तू बाँबच्या कोठारात जन्मलीस हे खरं का?

आई : हे कुणी घातलं डोक्यात?

मी : मैत्रिणींनी पैज लावलीय. म्हणाल्या, विचारून दाखव, तुझी छाती होणार नाही. झाली बघ.

आई : आधी मटार सोल. तोंडाबरोबर हातही चालू देत.

मी : म्हणजे खरंय.

आई : खरंय. लढाई संपून कितीतरी वर्षं लोटली होती, बाँब कधीच नेले होते. घर नसलेल्यांना विमानतळाच्या बराकी दिल्या, त्यात तुझे आजी-आजोबा. बराकीच्या पत्र्यांना भोकं, कोठाराच्या भिंती मात्र हातभर जाड. वारा लागू नये म्हणून सुईण आजीला तिथे घेऊन गेली. पुढे शाळेत पोरं मला ‘सुरुंग’ म्हणायची.

मी : आणि तू ऐकून घ्यायचीस?

आई : छे. नाव राखायचे.

मी : बाबा कुठे भेटले मग? ते काही बराकीतले नव्हते.

आई : ते जमीनवाले. धावपट्टी ज्यांच्या शेतांवरून गेली, त्यांच्यातले. आम्हाला बघून नाकं मुरडायचे. पण विमानं गेल्यावर गाडी शिकायला सगळ्या गावाला जागा ती एकच. तुझे बाबा शिकवायचे, मी शिकायला गेले.

मी : तरीच आपल्या गावात कुणाला धड वळता येत नाही.

आई : परीक्षेच्या दिवशी मी चौकातून गाडी सरळ कारंज्याच्या हौदात घातली. परीक्षक कमरेपर्यंत ओले. शिकवणारा धावपट्टीच्या टोकापर्यंत नुसता ‘छान, छान’ करत बसायचा, वळायचं सांगायचं राहूनच गेलं.

(बाबा येतात. बुटांवर सिमेंटची धूळ.)

बाबा : माझीच आरती चाललीय वाटतं.

मी : बाबा, एक प्रश्न राहिलाय. हा पैजेचा नाही, माझा आहे. धावपट्टी फोडायचं काम तुम्ही घेतलंत?

बाबा : कोण म्हणालं?

मी : तुमच्या ब्रेकरवाल्याची मुलगी माझ्याच बाकावर बसते.

बाबा : घेतलंय. गोदामं होणार आहेत तिथे. मी नाही तर दुसरा कुणी फोडेल.

आई : आणि घरात कुणाला सांगायचं नव्हतं?

बाबा : सांगणारच होतो.

मी : विहिरीचं काय?

बाबा : कुठली विहीर?

मी : आता कुठली? लहानपणी मला घास जात नसला की तुम्हीच सांगायचात. साहेब ओरडतोय, रोलर घरघरतोय, आणि पणजी विहिरीच्या कठड्यावर मांडी ठोकून बसलीय. आणि ती म्हणाली...

बाबा : ‘शेत न्या, लढाई संपली की परत करा. पाणी मात्र देणार नाही.’

मी : आणि धावपट्टी तिथेच थांबली. आखूड राहिली. विमान उतरवताना वैमानिक शिव्या घालायचे, पण म्हातारी हलली नाही. हे सगळं तुम्ही हातवारे करून सांगायचात, बाबा.

बाबा : शेत आलं का परत?

मी : नाही आलं.

बाबा : मग? माझ्याकडे कामाला माणसं आहेत. त्यांनी संध्याकाळी काय खायचं, पणजीची गोष्ट?

मी : नाही. पण जुना पूल पाडायचं काम तुमच्याकडे आलं होतं. हे मोठं मिळालं म्हणून तुम्ही ते सोडलंत. तेही बाकावरच कळलं.

बाबा : त्या बाकावर अभ्यास होतो की नाही?

आई : विषय बदलू नका. उद्या नगरपालिकेत गोदामांची सुनावणी आहे ना? जमीनवाल्यांकडून कोण बोलणार?

बाबा : मीच. जुन्या घरांची हरकत नाही, एवढंच तर सांगायचंय.

आई : बराकीतल्यांना विचारलं?

बाबा : तू अजून बराकीतलीच का? इतकी वर्षं या घरात राहून?

आई : या घरातली म्हणून तरी विचारलंत का?

बाबा : आता दोघी मिळून सुरू झालात. विहीर आटलीय गं. तळाशी कबुतरं राहतात.

मी : असू देत. ती पाण्यासाठी बसली, मी तिच्यासाठी. बाबा, आई, मी ठरवलंय. उद्या शाळा सुटली की तशीच गणवेशात सुनावणीला जाणार. आमच्या घराची हरकत आहे, असं सांगणार.

बाबा : तुला कोण बोलू देणार तिथे?

मी : दुपारी नाव देऊन आले. कारकुनाने विचारलं, कुठल्या घरातली? म्हटलं, विहीरवाल्यांच्या. त्याने चष्मा काढून बघितलं आणि तुमच्या नावाखाली माझं लिहिलं. उद्या तुमचं बोलून झालं की उठून जाऊ नका, बाबा. तुमच्यानंतर मीच आहे.