वरणाचा वास

खोली बघायला येणारे काय काय विचारतात, पण असा प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकला. तळवलीतल्या काकूच्या भाड्याच्या खोल्या मीच दाखवतो. ऐरोलीत नोकरी लागलेला एक मुलगा आला. एकटा म्हणून सगळीकडून नकार मिळालेला. खोली आवडली, पण शेजारीच काकू बोंबील तळत होती. तो चाचरत म्हणाला, "काकू, मी शाकाहारी आहे. चालेल ना?"

मी घाईने काकूकडे पाहिलं. मासे खाते म्हणून काकूच्या लेकीला एका सोसायटीने घर नाकारलं होतं.

काकूने झारा खाली ठेवला. "मासली अजिबात नाय?"

"नाही."

"बरं, र्‍हा. पन तुज्या वरनाचा वास माज्या घरान येवाला नको!"

बिचारा अजूनही खिडकी बंद करूनच कुकर लावतो.