सहा नंबरचं गानं

— न्हाई न्हाई, बसा की अण्णा, उभं कामून ऱ्हायलाव? पेनड्राइव्ह ठेवा हितं काउंटरवर. गान्याचं नाव बदलायचं का न्हाई ते मागून बघू — आधी मला एक सांगा नरसिंगअण्णा, तुमी पोराचा अल्बम ऐकलाव का? आख्खा? नऊच्या नऊ गानी? — बघा. ऐकलाच न्हाई. रत्नपालचे सख्खे वडील तुमी, आन् न ऐकताच माझ्याशी भांडायला आलाव. मी सतरा डाव ऐकलोय. निघाला त्या दिवशी शटर ओढून आतमधी बसून ऐकलो, बाहीर लोकं इचारायले, बालाजीच्या घरी कोन वारलं का म्हनून. कुनी वारलं न्हाई म्हन्लो, 'चिपाड'चा पहिला अल्बम आलाय. तर म्हन्ते कसे, कोन चिपाड? — हे गाव आपलं. भालकीची चार पोरं शरणबसवच्या गुऱ्हाळात तीन वर्सं डबे बडवत होती, गिटारची तार तुटली तर बस धरून उदगीरला पळत होती, आन् भालकीला पत्ता न्हाई. लग्नाचा ब्यांड का म्हन्ले मला. लग्नाचा न्हाई बाबा, रॉक ब्यांड. मग म्हन्ले, मग लग्नात वाजवीत न्हाईत का? — काय सांगावं अशाला.

त्येंचं नाव कुनी केलं, तुमाला काय वाटतंय? पुन्यानं? पुन्याच्या आधी बालाजी, अण्णा. मोबाइलवर रेकॉर्ड केलेली पहिली गानी, मागं चरक फिरायलाय, कुत्रं भुंकायलंय, असली — ती मी भरलो, ह्या हातानं. उसाचे ट्रॅक्टरवाले येतेत ना पेनड्राइव्ह घिऊन, 'भर शंभर गानी' म्हन्तेत आन् चहाला जातेत. कुठली शंभर ते मीच ठरवितो. शंभरात चार चिपाडची. मागितलं कोन? कुनीच न्हाई. मी भरलो. आन् टेपच्या काचेवर गान्याचं नाव पळतंय ते बी मीच टाकतो — खरं नाव कुनाच्या ध्यानात ऱ्हात न्हाई, म्हनून मी माझ्या मनानं टाकतो, 'फाटक्या चपलीचं', 'बसमधल्या पोरीचं', असं. दोन हंगामात हुमनाबादच्या ढाब्यावर लारीवाले मागायले, ते फाटक्या चपलीचं हाय का म्हनून. तिथनं ते हैदराबादला गेलं, तिथनं पुन्याला गेलं, मग पुन्याच्या लोकाला जाग आली. आता अल्बमच्या खाली आभार मानलेत बघा. एकवीस नावं हायत, मोजलोय मी. तुमचं हाय, चांगुणाबाईचं हाय — आईचं आधी, तुमचं मागून. गुऱ्हाळाचं हाय. पुन्याच्या चहावाल्याचं बी हाय. बालाजी कुठं हाय? हुडका. हुडकून दावा मला.

आन् गानी काय करून ठिवलीत! मड्याला पावडर लावल्यावानी केलीत. गुऱ्हाळात शरणबसवचा ढोल वाजायचा तवा काहिलीतला गूळ हलायचा, आता त्येच्यावर गोधडी टाकून वाजविल्यावानी वाजतंय. चरक न्हाई, कुत्रं न्हाई, काहीच न्हाई. आन् तुमच्या रत्नपालला सूर कुठं होता? नव्हताच! म्हनून तर ग्वाड लागायचं ते. आता मशिनीनं सूर लावून दिलाय, कुनाबी रस्त्यावरल्या पोराचा आवाज वाटतंय. दोन नंबरचं तर नुसतं पानी. चार नंबरच्यात मधीच कन्नड घुसडलाय — कामून? पुन्यावाल्याला दावायला, बघा आमी सीमेवरचे म्हनून. हितं ऱ्हात होता तवा गान्यात कन्नड नव्हतं त्येच्या, तिकडं गेल्यावर आठवलं. नऊतली आठ गानी टुकार, तुमच्या तोंडावर सांगतो. राग येऊ दिऊ नका. पोराचं खरं कुनीतरी बापाला सांगायला पायजे. सहा नंबरचं तेवढं —

हौ, त्येच. ज्येच्यासाठी आलाव ते. ऐकलाव न्हाई म्हनून सांगतो त्यात काय हाय. दारू पिऊन एक बाप उसाचा ट्रॅक्टर घिऊन येतंय. दिवेलागन झालीय. चढाला गाडी थांबते, त्यो ट्रॉलीच्या चाकाखाली दगड लावायला उतरतंय, ट्रॉली मागं सरकती, पाय सापडतंय. घर तिथंच, समोर. बाप पोराला हाक मारतंय. पोरगं आत हाय, कानात हेडफोन हाय, आन् हाक ऐकू येती त्येला. ऐकू येती, आन् ते गान्याचा आवाज वाढवितंय. बस. एवढंच गानं. मी त्येला नाव टाकलो, 'नरसिंगचं गानं'. टाकलो तर काय आभाळ कोसळलं? पोरगं तुमचं, 'माझा बाप' म्हनून गातंय, तुमी लंगडता — मग कुनाचं नाव टाकू, सांगा. हौ हौ, कोळारच्या गोदामात पोती पडली पायावर, म्हाईत हाय मला. थेंबाला शिवत न्हाई तुमी, ते बी म्हाईत हाय. वस्तीत कुनी पिऊन आलं तर तुमच्या दारावरनं मान खाली घालून जातंय. पर गानं ऐकनारा कोळारच्या गोदामात चौकशी करायला जातंय का?

शिवकन्याचं? तुमच्या पोरीचं काय? — उदगीरच्या पावन्यांनी? त्येंच्या ट्रॅक्टरवर वाजलं? 'दारुड्याची पोरगी नको'? तोंडावर म्हन्ले असं? — मग बरंच झालं की! गान्यावरनं सोयरीक मोडनारी मानसं, उद्या भाजीत मीठ कमी पडलं म्हनून पोरगी माघारी धाडली असती. उपकार माना माझे. — बदल काय बदल? दीडशे ट्रॅक्टरात गेलंय ते. घरोघर हिंडून मागू का, द्या हो पेनड्राइव्ह, आमच्या अण्णाच्या पोरीचं लगीन हाय? कारखान्याच्या दाराला रांग लागली की एका टायमाला धा गाड्यांवर वाजतंय. पोरं तुमच्यावानी लंगडून दावायलेत म्हनं. मी काय करू त्येला? सुटला न्हाई तुमी आता, अण्णा.

काय? — कवा केलता फोन त्यानं? — थांबा. नीट सांगा. काय म्हन्ला रत्नपाल, जसंच्या तसं सांगा. — 'ते तुमचं न्हाई अप्पा, एका मित्राच्या वडिलाचं हाय.' बरं. आन्? मित्र कोन? — नाव सांगितला का न्हाई, अण्णा? सरळ सांगा, नाव घेतला का? — शपथ. आईची शपथ घातलीय मित्रानं, म्हनून सांगता येत न्हाई म्हन्ला. — बरं. — चहा सांगू का? सांगतो की, अर्धा अर्धा. न्हाई, घाम कशाचा, पंखा बंद हाय म्हनून. हे बघा, मित्र-बित्र काय नसतंय. गानी लिहिनारे असंच सांगतेत, बापाला वंगाळ वाटू नये म्हनून. पुन्यात पन्नास मित्र आसत्याल त्येला. — भालकीचाच? भालकीचाच हाय म्हन्ला?

आता माझ्या अप्पाला कामून मधी ओढता? अप्पा ट्रॉलीखाली गेले, हौ, गावाला म्हाईत हाय. अपघात होता, नोंद हाय तशी. मी उदगीरला गेल्तो माल आनायला. आई शेतात होती, संगं खुरपायला नागूबाई होती, तिला जाऊन इचारा. घरी कुनीबी नव्हतं म्हनून तर गेले अप्पा. आन् आमचे अप्पा, अंकुशराव, पीत होते तर पीत होते, आमच्या घरच्या पैशाची पीत होते. त्येचं आन् ह्या गान्याचं काय? गान्यातला बाप तर मरत बी न्हाई! तुमी ऐकलंच न्हाई, तुमाला कसं कळावं — थांबा, लावतो. हं. आधी नुसता ढोल. शरणबसव. एवढ्या एका गान्याला पुन्यावाल्यांनी हात लावला न्हाई. आता हे तुमचं पोरगं. — आता ध्यान देऊन ऐका, मागं, लई लांबून — हाक. आली ऐकू? ही दुसरी. आता बघा गिटार कशी चढती, ढोल चढायलाय, समदं वर यायलंय, अंगावर यायलंय — आन् ही तिसरी, ह्येच्याखाली दबली पुरी — आन् खटकन् बंद. संपलं. सतरा डाव ऐकलो आन् सतरा डाव वाटलं आता पुढं काहीतरी हाय. काही न्हाई. मरू देत न्हाई त्यो त्येला. पुन्हा लावलं की पुन्हा हाक मारतंय. आन् तीन कामून केला? तीन हाका! ठेक्यात बसतंय म्हनून तीन. तेवढं खोटं केलाय त्यानं. चार मारले होते. चवथी लई बारीक होती, त्यात 'ए' बी नव्हतं, नुसतं 'बाला' म्हन्ले —

काय बघायलाव?

काय बघायलाव अण्णा असं? रोजच मारायचे हाका. रोज. बूट काढ, पानी आन, आईला बोलीव, आई आली की तिला मारायचे. रोज हाका. त्यातल्या कुठल्या हाकेला उठायचं असतंय हे कोन सांगितलंतं मला? आन् कानात काय होतं इचारा की. इचारा. तुमच्या रत्नपालचंच होतं, गुऱ्हाळातलं, कुत्रं भुंकनारं. मला वाटलं कुत्रंच हाय, म्हनून वाढविलो आवाज — न्हाई. न्हाई वाटलं. कळालं होतं मला. गानं संपू दिलो आन् मग उठलो. तेराव्याला रत्नपाल आलता, हितंच बसलता तुमी बसलाव तिथं, त्येला सांगून बसलो. कामून सांगितलो काय म्हाईत, त्येनं इचारलं बी नव्हतं. नाव घिऊ नको म्हन्लो, चांगुणाबाईची शपथ घातलो. आन् बघा त्येचं — घेतलाच न्हाई नाव! हाक घेतला, ट्रॉली घेतला, आख्ख्या अल्बमात एकच गानं जित्तं हाय ते माझ्या अप्पाचं, आन् खाली एकवीस नावं, त्यात चहावाला हाय, आन् मी कुठंच न्हाई. नको म्हन्लो म्हनून काय खरंच घ्यायचं न्हाई का?

पहिला ट्रॅक्टरवाला ते ऐकून सरळ माझ्या तोंडाकडं बघायला. 'कुनाचा बाप रे ह्यो?' म्हन्ला. ट्रॉली म्हन्ल्यावर बघनारच. तर तोंडात तुमचं नाव आलं. ठरवून न्हाई अण्णा, आलं. आन् खरं सांगू? तुमच्या वस्तीतला मानूस म्हन्लो आन् कुनी दुसरा प्रश्न इचारला न्हाई. पंचवीस वर्सं तुमी पीत न्हाई हे त्येच मानसं सांगत होते, तरी एका सेकंदात पटलं त्येंना. मी कुनाला पटवायला गेलो न्हाई. तुमचं बरं होतं म्हनून त्येंना हवंच होतं काहीतरी.

हात काढा. काढा म्हन्लं ना खांद्यावरला हात. — लेकरू? लेकरू कशाचं, सव्वीस वर्साचा होतो मी. माझी कीव करायला आलता का, का नाव बदलायला आलता? आता म्हना की, बदल रे बालाजी, तुझ्या बापाचं नाव टाक रे. — म्हनत न्हाई ना? म्हनवत न्हाई ना तुमाला? मग झालं. मला म्हाईतच होतं तुमी म्हननार न्हाई. ऱ्हाऊ द्या तसंच. उदगीरचं न्हाई तर दुसरं बघा पोरीला, लांबचं बघा, जिकडं ऊस नसंल तिकडलं.

— या हावगेप्पा, या! गाडी रांगेत लावलाव का? कशात भरू? — सहा नंबरचं? नरसिंगचं गानं? हाय की, सगळेच मागायलेत. — हे? हे कोन म्हनून इचारायलाव? वळखला न्हाई व्हय? अहो हेच की ते. गान्यातले. पाय बघा की त्येंचा. आता सोडलीय म्हनं दारू. — निघा अण्णा तुमी, गिऱ्हाईक हाय.